प्रकल्प नोंदी: पुढची तीन वर्षं

4 ऑगस्ट 2025

आजपासून या कामाची वही माझ्याकडे आली. मोठ्या साहेबांनी कामाला 'पुढची तीन वर्षं' एवढंच नाव दिलंय. मी ते वाढवलं नाही. भारदस्त नाव दिलं की लोक आधी घाबरतात, मग हसतात.

आमचं युनिट गोरेगावला, औषधांची कार्टन छापायचं. दोन ऑफसेट प्रेस, पंचिंग (कार्टन कापणं), पेस्टिंगच्या (घडी घालून चिकटवण्याच्या) तीन लाइन, दोन पाळ्या. ऑर्डरबुक भरलेलं, एकही मशीन रिकामं उभं नाही. त्यामुळे हिशेब बघणाऱ्या धाकट्या साहेबांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "सगळं नीट चाललंय, मग हे आत्ताच कशाला उकरायचं?"

मी त्यांच्यापुढे दोन कागद ठेवले. एकावर गेल्या वर्षीची ग्राहकवार विक्री. जवळजवळ निम्मं काम एकाच कंपनीचं. दुसऱ्यावर फोरमनकाकांची निवृत्तीची तारीख, मार्च 2027, आणि त्यांच्या मागोमाग पंचिंगच्या मिस्त्रींची. धाकटे साहेब दुसऱ्या कागदाकडे जास्त वेळ बघत राहिले.

ठरलं असं: सप्टेंबरअखेर आराखडा, दिवाळीनंतर सुरुवात. त्यांची एक अट, या वर्षी नवं मशीन नाही. मला ती अट आवडली. मशीन आलं की सगळ्यांना वाटतं बदल झाला.

13 ऑगस्ट

गुणवत्ता बघणाऱ्या क्यूए मॅडमबरोबर बसून, ग्राहकांवर काय येऊ घातलंय ते मांडलं. आमच्याकडे जे येतं ते आधी त्यांच्याकडे येतं.

1 ऑगस्ट 2023 पासून ठरावीक 300 ब्रँडच्या औषधांवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा झाला, तेव्हा आम्हाला ते आर्टवर्क हातात पडल्यावर कळलं. कोड मारायला कार्टनवर वार्निश नसलेली कोरी जागा सोडावी लागते, म्हणजे वार्निशची प्लेट बदलते, कधी मांडणीही. एकदम इतकी आर्टवर्क आली की प्रूफवाला महिनाभर वेळेवर घरी गेला नाही.

आता पुढचं. औषध कारखान्यांसाठीचं सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषधं कशी बनवायची याची सरकारी नियमावली. 250 कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या ज्या कंपन्यांनी वेळेत अर्ज केला, त्यांना 31 डिसेंबर 2025 पर्यंत मुदतवाढ आहे. आमचे बरेच छोटे ग्राहक यातच मोडतात. त्यांच्याकडे कागदपत्रं कडक झाली की ते पुरवठादारांकडेही तीच मागणार: कोणी छापलं, कोणी तपासलं, लाइन क्लिअरन्सवर, म्हणजे आधीच्या जॉबचं लाइनवर काही उरलं नाही या तपासणीवर, कोणाची सही. आमच्याकडे सह्या आहेत, पण पाळी संपताना एकदम केलेल्या. हे मॅडमनीच सांगितलं, आणि आराखड्यात लिहायला परवानगीही दिली.

18 ऑगस्ट

कोणाला काय येतं याचा तक्ता. उभ्या रांगेत माणसं, आडव्या रांगेत कामं. स्वतः सेट करून दुसऱ्याला शिकवू शकतो त्याला तीन, एकट्यानं चालवू शकतो त्याला दोन, मदतीला उभा राहतो त्याला एक.

तक्ता भरल्यावर जे दिसलं त्यानं मोठे साहेबही गप्प झाले. शेड, म्हणजे छपाईची रंगछटा, जुळवण्यात तीनचा आकडा फक्त काकांपुढे. पेस्टिंग मशीनवर फार्माकोड रीडर (कार्टनवरच्या ओळखीच्या रेघा वाचणारं उपकरण) लावण्यात तीन फक्त एका ऑपरेटरपुढे. आणि डाय-रॅक! कार्टन कापायचे साचे, शेकडो डाय आहेत, पण कुठली कुठे ते काकांना ठाऊक. वहीत नंबर आहेत, रॅकवर नंबर आहेत, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. काका म्हणाले, "मला विचारा ना, मी आहे की."

19 ऑगस्ट

रुळांवर पाणी. हार्बर बंद, मध्य रेल्वे बंद. सकाळच्या पाळीला निम्मी माणसंही पोचली नाहीत. काका डोंबिवलीहून निघाले आणि घाटकोपरहून परत गेले.

कालचा तक्ता घेऊन शॉपफ्लोअरवर फिरलो. मोठी प्रेस उभी होती. मशीनमन हजर, बोर्ड हजर, प्लेटा चढलेल्या, पण पहिल्या शीटला "चालू द्या" म्हणणारं कोणी नाही. काकांना फोनवर फोटो पाठवला, तर ते म्हणाले, फोटोत निळा कळत नाही. बरोबरच आहे त्यांचं. दुपारी दोनपर्यंत प्रेस तशीच. हा तास-मिनिटांचा हिशेब धाकट्या साहेबांना लिहून दिला. पावसानं फुकटात तालीम करून दिली.

25 ऑगस्ट

परवा गणपती. रत्नागिरी-सिंधुदुर्गवाले कालपासूनच गायब. या सुट्टीचं नियोजन आमच्याकडे जूनपासून पक्कं असतं: कोण कधी जाणार, कोणाच्या जागी कोण, कुठले जॉब आधी उरकायचे. चतुर्थीची तारीख पंचांगात असते आणि कोकणी माणूस रजेवर वाटाघाटी करत नाही, हे सगळे मान्य करतात. काकांच्या निवृत्तीची तारीखही कॅलेंडरवर आहे. तिच्याशी मात्र आम्ही अजून वाटाघाटी करतोय.

4 सप्टेंबर

काल रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय. 22 सप्टेंबरपासून नवे दर. बहुतेक औषधं 12 वरून 5 टक्क्यांवर. कार्टनही 12 वरून 5. आणि आमचा कच्चा माल, म्हणजे बोर्ड, 12 वरून 18.

सीएंना बोलावलं. त्यांनी फळ्यावर मांडलं ते असं. 100 रुपयांचा बोर्ड घेतला की 18 रुपये कर भरायचा. त्याचं कार्टन 180 ला विकलं तर ग्राहकाकडून 9 रुपये कर मिळणार. उरलेले 9 सरकारकडे अडकले. परतावा मिळतो, उलट्या करआकारणीसाठी ती सोय आहे, आणि 1 नोव्हेंबरपासून 90 टक्के हंगामी परतावा लवकर द्यायचं परिषदेनं ठरवलंय. पण मधल्या महिन्यांत खेळतं भांडवल आटणार ते आटणारच.

ग्राहकांचे फोन दिवसभर. एमआरपी बहुतेक जण स्वतःच्या लाइनवर मारतात, त्यामुळे छापून ठेवलेला माल वाया गेला नाही. ज्या थोड्या जॉबवर एमआरपी प्लेटमध्येच आहे, ते थांबवले.

आराखड्यावर परिणाम मोठा आहे. मी दिवाळीनंतर एकाच वेळी तिन्ही लाइनवर कागदाऐवजी टॅबलेटवर नोंदी ठेवायची नवी पद्धत आणायचं धरलं होतं. त्यासाठी तीन महिने जादा माणसं लागणार होती. तो पैसा आता बोर्डाच्या करात बसणार. एका लाइनपुरतीच तरतूद उरते. धाकटे साहेब म्हणाले, "मग पुढच्या वर्षी करू." मी म्हटलं, पुढच्या वर्षी काका एक वर्षानं म्हातारे झालेले असतील आणि दर पुन्हा बदललेले असतील. मोठे साहेब म्हणाले, एक लाइन करा.

15 सप्टेंबर

अफवा. कारखाना भिवंडीला चाललाय आणि गाळ्यांच्या जागी टॉवर येतोय. पंचिंगला मिस्त्रींनी हे सांगितलं, पेस्टिंगला ताईंपर्यंत पोचेपर्यंत टॉवरचे मजलेही ठरले होते.

मला आधी हसू आलं, मग जेवणाच्या सुट्टीत काकांशेजारी बसलो. काकांचे वडील परळच्या गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा काका शाळेत होते. अडीच लाख गिरणी कामगारांतले एक त्यांचे वडील. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कोणी कधी सांगितलं नाही, गिरणी मात्र गेली. काका म्हणाले, "गिरणीत पण सांगायचे, यंत्रं नवी आणणार, सुधारणा करणार. जुने माग चालवत राहिले आणि शेवटी जमीन विकली. आता फिनिक्सच्या जागी मॉल बघायला जातो आम्ही, नातवाला घेऊन."

मुंबईतल्या कामगारापुढे नवा आराखडा ठेवायचा तर ही आठवण धरून चालावं लागतं. सादरीकरणात तिच्यासाठी पान नसतं. काकांचा मुद्दा मी नीट लिहून ठेवतोय, कारण त्याला दोन बाजू आहेत. सुधारणा वेळेवर झाली नाही म्हणून गिरण्या कमकुवत झाल्या, हे त्यांनाही मान्य आहे. आणि सुधारणेच्या नावाखाली जे झालं त्यात कामगाराला विचारलं नाही, हेही खरं.

संध्याकाळी मोठ्या साहेबांना सांगितलं: काय बदलणार ते नंतर, आधी काय बदलणार नाही ते सहीनिशी लावा. त्यांनी लावलं. मार्च 2028 पर्यंत जागा हीच. या कामामुळे कोणाची नोकरी जाणार नाही. ओव्हरटाइमचा दर कमी होणार नाही. चौथी ओळ मी सुचवली होती, पाळ्यांच्या वेळा बदलणार नाहीत अशी. ती त्यांनी खोडली, कारण पेस्टिंगची दुसरी पाळी बदलावी लागेल असं त्यांना वाटतं. खोडली ते बरं केलं. न पाळता येणारं वचन फळ्यावर नको.

कामगार सल्लागारांनी आठवण करून दिली की पाळीत असा बदल करायचा तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9अ नुसार एकवीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. आराखड्यात तेवढी जागा सोडली.

1 ऑक्टोबर

खंडेनवमी. दुपारी मशीनं धुतली, पुसली, झेंडूची तोरणं. प्रेसच्या पॅनलला हळदकुंकू, आणि फार्माकोड रीडरलाही. पेस्टिंगच्या ताईंनी नोंदींचा नवा टॅबलेट मागून घेतला आणि पूजेत ठेवला. अजून चालूही केलेला नाही.

प्रसादाच्या वेळी कल्याणहून येणाऱ्या मशीनमनशी बोलणं झालं. त्याचे काका रेल्वेत होते. विषय निघाला तो लोकलचा करंट कसा बदलला याचा. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर. पुढे जास्त लांब, जास्त वेगाच्या गाड्यांना ते पुरेना, म्हणून 25,000 व्होल्ट एसीवर जायचं ठरलं. पण रोज लाखो लोक त्याच रुळांवरून जातात. लाइन बंद ठेवून तारा बदलणं शक्य नव्हतं. तर आधी दोन्ही करंटवर धावतील अशा गाड्या आणल्या. त्या डीसीवर काही वर्षं धावल्या. मग एकेका टप्प्यातला करंट बदलत गेले. पश्चिम रेल्वेचं 2012 मध्ये पुरं झालं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं 2015 मध्ये, हार्बरचं 2016 मध्ये. बहुतेक प्रवाशांना ते कळलंही नाही.

मी त्याला म्हटलं, आमचा आराखडा उलटा आहे. आम्ही आधी तार बदलायला निघालोय.

8 ऑक्टोबर

आराखडा पुन्हा मांडला. आधीच्या मसुद्यात तारखा होत्या: या तारखेपासून डिजिटल जॉब कार्ड (प्रत्येक कामाची नोंद टॅबलेटवर), त्या तारखेपासून नवा फोरमन. आता आधी माणसं. डिजिटल कार्ड येण्यापूर्वी त्या लाइनवरच्या दोघांना तरी दोन्ही पद्धती यायला हव्यात. काका जाण्यापूर्वी शेडला "चालू द्या" म्हणणारी आणखी दोन माणसं हवीत, आणि ती काका असतानाच म्हणायला लागली पाहिजेत. काका बाजूला उभे राहतील, चुकलं तर थांबवतील. सही मात्र शिकणाऱ्याची.

दोन पद्धती एकत्र चालवायच्या म्हणजे दुप्पट लिहिणं, आणि लोक त्यालाच कंटाळतात. म्हणून जुनी पद्धत कधी बंद करायची ते आजच ठरवलं. तारीख नाही, अट लिहिली: सलग चार आठवडे कागद आणि टॅबलेट यांत एकही फरक नसेल तेव्हा कागद बंद. ठरवणार क्यूए मॅडम. मी नाही, आणि धाकटे साहेबही नाहीत.

कुठून सुरू करायचं यावर वाद झाला. आयटीच्या मुलाला प्रेसपासून हवं होतं, कारण तिथला डेटा देखणा. मॅडम पेस्टिंगवर ठाम. त्यांचं कारण मला पटलं. आमच्या धंद्यात रंग थोडा इकडेतिकडे झाला तर माल परत येतो, एवढंच. पण 10 मिलिग्रॅमच्या गठ्ठ्यात 5 मिलिग्रॅमचं एक कार्टन गेलं तर ते रुग्णापर्यंत जाऊ शकतं. म्हणूनच बरेच फार्मा ग्राहक एका शीटवर दोन वेगळी कार्टन छापू देत नाहीत. म्हणूनच प्रत्येक कार्टनच्या फ्लॅपवर त्या बारीक काळ्या रेघा असतात, आणि पेस्टिंग मशीनवर रीडर चुकीची रेघ दिसताच कार्टन बाहेर फेकतो. मिश्रण पकडण्याची आमची शेवटची जागा पेस्टिंग. तिथेच सह्या पाळी संपताना होतात. सुरुवात तिथूनच.

मॅडमनी आणखी एक गोष्ट टेबलावर ठेवली, जिचा विचार बाकी कोणीच केला नव्हता. मोठ्या ग्राहकाशी गुणवत्ता करार आहे. नोंदी ठेवायची पद्धत बदलायची तर आधी त्यांना चेंज कंट्रोलचा अर्ज द्यायचा आणि त्यांचा होकार यायची वाट बघायची. मशीन हललं तरी तेच, जागा बदलली तर नव्यानं तपासणी. म्हणजे अर्धं कॅलेंडर आमच्या हातात नाही. अर्ज आजच लिहायला घेतला.

27 ऑक्टोबर

दिवाळीनंतरचा पहिला दिवस. पेस्टिंगच्या दोन नंबर लाइनवर कागद आणि टॅबलेट, दोन्ही सुरू. मोठ्या ग्राहकाचा होकार यायचा आहे, म्हणून त्यांचे जॉब या लाइनवर घेत नाही.

6 नोव्हेंबर

माझा अंदाज होता की ताई अडतील आणि तरुण ऑपरेटर चटकन शिकेल. झालं उलटं. ताई वर्षानुवर्षं भिशीचा हिशेब मोबाइलवर ठेवतात, त्यांना काही शिकवावं लागलं नाही. ऑपरेटर मात्र सगळं शेवटी एकदम भरतो, जसं कागदावर भरायचा. टॅबलेट वेळ नोंदवतो, त्यामुळे ते लगेच दिसलं. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. मशीन थांबवल्याशिवाय हात मोकळा होत नाही आणि थांबवलं तर नगांचा आकडा पडतो. आकडा त्याच्याकडून मागायचा आणि सहीही वेळेवर मागायची, यांतलं एकच मिळणार. क्लिअरन्सची मिनिटं टार्गेटमधून वजा केली.

कागदाचा एक गुण मात्र टॅबलेटमध्ये नव्हता. जुन्या कार्डांच्या समासात काय काय सापडतं! "बोर्ड वाकतंय, पावसाळी माल." "ग्लू पातळ." "या डायला डावीकडे कागद लावा." ही खरी माहिती, आणि फॉर्मला समासच नाही. आयटीच्या मुलानं आवाज नोंदवायचं बटण दिलं. ताई आता मशीनच्या आवाजात ओरडून मराठीत बोलतात, ऐकताना करमणूक होते. पण उपयोगाचं आहे.

22 नोव्हेंबर

कालपासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. 29 जुने कायदे त्यांत विलीन. सविस्तर नियम यायचे आहेत, तरी सल्लागारांबरोबर आपल्यापुरतं पाहिलं. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा. आमच्याकडे मूळ पगार कमी आणि भत्ते भरपूर, म्हणजे ग्रॅच्युइटीचा बोजा वाढणार. ठरावीक मुदतीच्या नोकरीलाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. उप-फोरमन आम्ही मुदतीच्या करारावर घेणार होतो, त्यात बचत आहे असं धरून. ती बचत फारशी उरत नाही. मग सरळ आपल्यातल्याच दोघांना बढती द्या, असं मी लिहिलं. धाकटे साहेब हो म्हणाले, पैशाच्या कारणानं. चालेल.

एकवीस दिवसांची नोटीस नव्या संहितेतही आहे.

10 डिसेंबर

मोठ्या ग्राहकाचा होकार आला, एका प्रश्नासह: वीज गेली तर नोंद कुठे करणार? छापील कोरी कार्डं क्रमांक टाकून सीलबंद ठेवायची आणि उघडली की नोंद करायची, असं उत्तर दिलं. कागद पूर्ण जाणार नाही हे ऐकून काका खूश.

31 डिसेंबर

आज शेड्यूल एमची मुदत संपते. गेल्या पंधरवड्यात तीन छोट्या ग्राहकांनी क्लिअरन्सच्या नोंदी मागितल्या. दोन नंबर लाइनच्या लगेच दिल्या. एक आणि तीन नंबरच्या काढायला ताईंच्या फायली उपसाव्या लागल्या. धाकट्या साहेबांनी स्वतःहून विचारलं, उरलेल्या दोन लाइन कधी.

शेडचं काम मागे आहे. दोन उमेदवारांपैकी एकाची नजर चांगली, पण काका बाजूला उभे असले की तो त्यांच्याच चेहऱ्याकडे बघतो. जानेवारीपासून काका पहिल्या शीटच्या वेळी केबिनमध्ये बसतील आणि नंतर शीट तपासतील. काकांनाच हे जास्त जड जाईल.

12 जानेवारी 2026

दोन नंबर लाइनवर चार आठवडे फरक नाही. मॅडमनी सही केली, कागद बंद. एक नंबरवर पुढच्या आठवड्यापासून दोन्ही सुरू. तीन नंबरची तारीख ठरवली नाही, परताव्याचे पैसे किती आणि कधी येतात त्यावर आहे. पेस्टिंगच्या दुसऱ्या पाळीची नोटीस लावली, एकवीस दिवस मोजायला सुरुवात. मिस्त्रींनी हरकत लेखी दिली आहे: शेवटची लोकल चुकेल. रास्त आहे, वेळ अर्ध्या तासानं अलीकडे घेता येईल का ते बघतोय.

विक्रीचा कागद अजून तसाच आहे, निम्मं काम एकाच कंपनीचं. त्याला फेब्रुवारीत हात घालायचा. शेड्यूल एमसाठी नोंदी मागणाऱ्या तिघांपासून सुरुवात, त्यांच्याकडे किती काम बाहेर जातं ते मार्केटिंगनं विचारून यायचं.

डाय-रॅकची मोजणी पूर्ण. वहीतले आणि रॅकवरचे नंबर आता एक. सात डाय कुठल्याच चालू जॉबच्या निघाल्या नाहीत. भंगारात काढायला काकांची सही हवी. ते म्हणतात, त्यांतल्या दोन ठेवा, ते गिऱ्हाईक परत येईल.